बातमीच्या पाठीशी कोण?



नागपूरच्या माणसाला भिलाई परकी नाही. आमच्या गल्लीत कोणाचा ना कोणाचा काका 'प्लांटात', म्हणजे इथल्या पोलाद कारखान्यात, असायचाच. सुट्टीत तो आला की त्याच्या बोलण्यात पाळी, क्वार्टर, सेक्टर हे शब्द यायचे आणि आम्हाला वाटायचे, हे गाव म्हणजे एक भला मोठा कारखाना आणि त्याच्याभोवती वसवलेल्या रांगा. आज जामा मशिदीवरून वळून इथे येताना पाहिले, झाडे तेवढी मोठी झाली आहेत. बाकी रांगा तशाच.

भिलाईतल्या मराठी मंडळींच्या या व्याख्यानमालेसाठी संयोजकांनी विषय दिला : तरुण प्रेक्षक आणि शोधपत्रकारिता. फोनवर ते म्हणाले, "ताई, आजकालची मुलं बातम्या बघतच नाहीत, त्यावर जरा बोला." मी विषय घेतला. तक्रार मात्र घेतली नाही. कारण ती मला पटत नाही, आणि का पटत नाही हेच आज सांगायचे आहे.

सुरुवात जरा लांबून करते, अमेरिकेतून. २४ सप्टेंबर १९६८ रोजी सीबीएस वाहिनीवर 'सिक्स्टी मिनिट्स' हा कार्यक्रम सुरू झाला. डॉन ह्युइट हा त्याचा कर्ता. मासिकात जसे तीन-चार ठळक लेख असतात, तसे तासाभरात तीन-चार वृत्तांत. पडद्यावर स्टॉपवॉच, त्याची टिकटिक, आणि समोर बसलेल्या बड्या माणसाला थेट प्रश्न. अर्धे शतक लोटले तरी तो चालू आहे. पण त्याचा प्रेक्षक त्याच्याबरोबरच म्हातारा होत गेला. नातवंडे टीव्हीसमोर बसेनात. मग काय करायचे?

त्यांनी दोन प्रयोग केले. पहिला २०२० मध्ये. 'क्विबी' नावाचे एक अ‍ॅप आले होते : सगळे काही मोबाइलवर, सगळे काही दहा मिनिटांच्या आत. सुमारे १७५ कोटी डॉलरचे भांडवल, हॉलिवूडची बडी नावे. त्यावर 'सिक्स्टी इन सिक्स' आले. सहा मिनिटांत एक वृत्तांत. ६ एप्रिलला क्विबी सुरू झाले आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला बंद पडले. आठ महिने! आपल्याकडे गणेशोत्सवाची वर्गणीसुद्धा यापेक्षा जास्त टिकते. (हशा)

दुसरा प्रयोग जास्त गंभीरपणे केलेला. ४ मार्च २०२१ रोजी पॅरामाउंट प्लस या स्ट्रीमिंग सेवेवर 'सिक्स्टी मिनिट्स प्लस' सुरू झाले. वेस्ली लोअरी, लॉरी सीगल, एन्रिके असेवेडो, सेथ डोन असे वार्ताहर. त्यांतले लोअरी पोलिसी गोळीबाराच्या वार्तांकनासाठी आधीच नावाजलेले. त्याच वर्षी ६ जानेवारीला अमेरिकी संसदेच्या कॅपिटॉलवर चाल करून गेलेला तो शिंगांची टोपी घातलेला इसम आठवतो ना? त्याची तुरुंगातली मुलाखत सीगलबाईंनी याच मालिकेत घेतली. परवानगीवाचून ती घडवून आणल्याबद्दल न्यायाधीशांनी त्याच्या वकिलाची नंतर चांगलीच कानउघाडणी केली. म्हणजे मालिका नुसती शोभेची नव्हती, काम करत होती. आणि जानेवारी २०२२ मध्ये तीही बंद करण्यात आली.

यावरून काय शिकायचे? सोपे उत्तर असे की, बघा, तरुणांना शोधपत्रकारिता नकोच आहे. हे उत्तर मला मान्य नाही. वर्ष धड भरले नाही तोच मालिका गुंडाळणाऱ्या कंपनीला प्रेक्षकाबद्दल काय कळले असणार? एवढ्या काळात तर एखादे मोठे प्रकरण खणूनही होत नाही. दुकान बंद करणारा मालक नेहमी गिऱ्हाइकाकडे बोट दाखवतो.

आता आपल्याकडे येऊ. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांना तरी व्हीसीआर भाड्याने आणलेला आठवत असेल. रात्रभरात तीन सिनेमे. त्या सिनेमांच्या कॅसेटींशेजारी दुकानात १९८८ पासून एक वेगळी कॅसेट येऊ लागली : 'न्यूजट्रॅक'. इंडिया टुडे समूहाचे मासिक, पण कागदावरचे नव्हे, कॅसेटवरचे. मधु त्रेहान ते चालवत. देशात तेव्हा टीव्ही म्हणजे दूरदर्शन आणि दूरदर्शन म्हणजे सरकार. जे दूरदर्शन दाखवणार नाही, ते पाहायला लोक पैसे मोजून कॅसेट आणू लागले. मंडलविरोधी आंदोलनात रस्त्यांवर जळणारी दिल्ली अनेकांनी प्रथम तिथेच पाहिली. गंमत म्हणजे या कॅसेटींना सिनेमासारखे सेन्सॉरचे प्रमाणपत्र घ्यावे लागे. बातमीला सेन्सॉर! विनीत नारायण यांनी हिंदीत 'कालचक्र' काढले, त्यांनाही या कात्रीशी झगडावे लागले. पुढे याच नारायणांनी जैन हवाला प्रकरण धसास लावले. एका डायरीतल्या नोंदींवरून गोष्ट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि १८ डिसेंबर १९९७ च्या निकालाने सीबीआयच्या संचालकाला किमान दोन वर्षांचा कार्यकाळ मिळाला, केंद्रीय दक्षता आयोगाला वैधानिक दर्जा देण्याचा आदेश निघाला. आरोपी बहुतेक सगळे सुटले, हेही सांगायला हवे. शोधपत्रकारितेचा शेवट दर वेळी बेड्यांत होत नाही.

सांगायचे हे की, पडदा बदलणे ही काही आजची गोष्ट नाही. कॅसेट गेली, केबल आली, केबल गेली, मोबाइल आला. तरुण माणूस दर वेळी नव्या पडद्याकडे आधी वळला. त्यात बिघडले कुठे?

बरे, मुलांना लांबलचक काही झेपत नाही म्हणतात. मागच्या रांगेत काही मुले बसली आहेत. आपणहून आलीत की आणली गेलीत, ते विचारत नाही. पण तुमच्यापैकी यूट्यूबवर ध्रुव राठीचा वीस-पंचवीस मिनिटांचा व्हिडिओ कोणी पाहिला आहे? 'बोल भिडू' कोण बघते? हात वर करा. बघा! सगळी रांग. म्हणजे अडचण लांबीची नाही. आईवडील ज्याला 'मोबाइलमध्ये डोकं घालून बसणं' म्हणतात, त्यात निवडणूक रोख्यांपासून परीक्षांच्या पेपरफुटीपर्यंत बरेच काही असते.

फक्त एक भेद करायचा. समजावून सांगणे वेगळे आणि शोधून काढणे वेगळे. आज मोबाइलवर समजावून सांगणारे पुष्कळ आहेत, आणि चांगले आहेत. पण ते ज्या बातमीचा उलगडा करतात, ती बातमी आधी कोणीतरी उन्हातान्हात जाऊन आणलेली असते. कोणीतरी माहिती अधिकाराचा अर्ज टाकलेला असतो, तलाठ्याकडे खेटे घातलेले असतात, साक्षीदाराला तीनदा भेटून चौथ्यांदा बोलते केलेले असते. मग स्टुडिओतला मुलगा दहा मिनिटांत ते सांगतो. विहीर खणणारा एक आणि पाणी विकणारे शंभर, अशी ही स्थिती आहे. आणि खणणाऱ्याचे पोट कशावर चालते, याची चौकशी कोणी करत नाही.

तरुणांना शोध कशाने भिडेल? माझे उत्तर एका शब्दात : जवळीक. लांबचे नको, अंगणातले दाखवा. भिलाईत तर त्यासाठी शोधाशोधही करावी लागत नाही.

महादेव अ‍ॅप. सभागृहात लगेच कुजबुज झाली, ती ऐकू आली मला. ऑनलाइन सट्ट्याचे हे प्रकरण, त्याचे मुख्य आरोपी याच गावचे. त्यांतल्या एकाचे इथे ज्यूसचे दुकान होते, हे तुम्ही मला सांगायचे, मी तुम्हाला नाही. प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून नावे घेत नाही. ईडीने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितले की ४१७ कोटींची मालमत्ता जप्त केली वा गोठवली, आणि दुबईत बसून चालवलेल्या या धंद्याच्या शाखा, म्हणजे 'पॅनेल', ७०-३० च्या नफावाटणीवर ठिकठिकाणी दिल्या जात होत्या. रास अल खैमातल्या एका लग्नावर २०० कोटी रोख उडवल्याचा आरोप झाला. त्या लग्नात कोणकोणते सिनेनट आले, हे देशातल्या प्रत्येक वाहिनीने दाखवले. पुन्हा पुन्हा दाखवले.

मला त्या लग्नात रस नाही. मला रस आहे एका पासबुकात. अशा धंद्यातला पैसा फिरतो कसा? कोणा वीस वर्षांच्या पोराच्या नावाने बँकेत खाते उघडले जाते. पासबुक, एटीएम कार्ड, चेकबुक आणि त्या खात्याला जोडलेले सिमकार्ड हे सगळे एका पाकिटात घालून दुसऱ्याच्या हाती जाते. बदल्यात पोराला महिन्याला काही हजार. त्याला वाटते, काय बिघडले, खाते तर रिकामेच होते. मग एक दिवस त्या रिकाम्या खात्यातून लाखोंची ये-जा झाल्याचे निघते, खाते गोठते, आणि पोलीस पहिल्यांदा येतात ते त्या पोराच्या क्वार्टरवर. कारण कागदावर नाव त्याचे. दुबई लांब आहे, सेक्टर जवळ आहे.

आता हे पासबुक समोर ठेवून एखाद्या वार्ताहराने वीस मिनिटांचा वृत्तांत केला, एकेक नोंद दाखवत, पैसा आला कुठून आणि गेला कुठे हे बोट ठेवून सांगत, तर कॉलेजातली पोरे तो बघणार नाहीत? दाराला कडी लावून बघतील! त्यांच्या वर्गातल्या कोणाला तरी कोणीतरी विचारलेले असते, "भाई, खाता है क्या?" शोध कसा लागला हे त्यांच्यासमोर उलगडा. निष्कर्ष नुसता सांगू नका, कागद दाखवा. आजच्या मुलाला कोणी भाषण दिलेले चालत नाही (मी देते आहे ते सोडा), पण पुरावा दाखवला तर तो स्वतः झूम करून वाचतो.

जुने प्रकरण हवे? तेही अंगणातच आहे. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे हुडको वसाहतीतल्या घरात झोपेत असलेल्या कामगार नेते शंकर गुहा नियोगींना गोळी घातली गेली. पुढच्या वर्षी १ जुलैला पॉवर हाऊस स्टेशनात रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला. नियोगी खुनाच्या खटल्यात दुर्गच्या सत्र न्यायालयाने १९९७ मध्ये उद्योजकांसह अनेकांना दोषी धरले, जबलपूर उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सर्वांना सोडले, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप दिली. एकाच पुराव्याकडे तीन न्यायालयांनी तीन तऱ्हेने पाहिले. ही निकालपत्रे आहेत, वाचता येतात. स्टेशनवरून रोज कोचिंगला जाणाऱ्या मुलांना ती वाचून दाखवणारी मालिका अजून कोणी केली नाही, याला मुले जबाबदार आहेत का?

आता मुख्य मुद्द्यावर येते, आणि इथे जरा थांबणार आहे.

जवळची बातमी, तरुण वार्ताहर, मोबाइलचा पडदा आणि लाखावर प्रेक्षक. हे सगळे एकत्र जमलेले उदाहरण याच छत्तीसगडात होते. 'बस्तर जंक्शन' हे यूट्यूब चॅनेल आणि ते चालवणारे बिजापूरचे मुकेश चंद्राकर. वयाची तिशी नुकती ओलांडलेली. जिथे दिल्लीचा वार्ताहर हेलिकॉप्टरने येऊन हेलिकॉप्टरने जातो, तिथे हे मोटारसायकलवरून, नाले ओलांडत जायचे. एप्रिल २०२१ मध्ये चकमकीत २२ जवान मारले गेले आणि कोब्रा पथकाचे राकेश्वर सिंह मनहास माओवाद्यांच्या ताब्यात सापडले. त्यांना परत आणायला जंगलात गेलेल्या मंडळींत मुकेश होते. माओवाद्यांच्या हिंसेबद्दल ते बोलायचे, पोलिसांच्या हिंसेबद्दलही बोलायचे. म्हणजे दोन्हीकडून शिव्या खायचे. बस्तरमध्ये ही गोष्ट नुसत्या शिव्यांवर थांबत नाही. २०१३ मध्ये नेमिचंद जैन आणि साई रेड्डी या दोन पत्रकारांना माओवाद्यांनी मारले, आणि २०१५ मध्ये संतोष यादव, सोमारू नाग यांना पोलिसांनी आत टाकले.

मुकेश यांचा अंत मात्र या दोन्हींपैकी कशातून आला नाही. तो आला एका रस्त्यातून. नेलसनार-मिरतूर-गंगालूर हा रस्ता. काम सुरुवातीला सुमारे ५० कोटींचे म्हणून निघाले, ते १२० कोटींवर गेले, आणि रस्ता मात्र उखडलेला. डिसेंबर २०२४ मध्ये मुकेश यांच्या मदतीने ती बातमी एनडीटीव्हीवर आली, चौकशीचे आदेश निघाले. १ जानेवारी २०२५ च्या रात्री मुकेश घरातून गेले ते परतले नाहीत. ३ तारखेला बिजापुरातच एका ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये त्यांचा मृतदेह सापडला. टँकवर ताजे काँक्रीट ओतलेले होते. पोलिसांनी त्या ठेकेदाराला मुख्य आरोपी केले, हैदराबादेत पकडले. तो मुकेश यांचा नात्यातलाच. खटल्याचे न्यायालय बघेल.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवा. सुरुवातीच्या त्या अमेरिकी मालिकेपाशी काय नव्हते? वकील होते, संपादक होते, विमा होता, वर्षानुवर्षांची पत होती. कंपनीने हात काढून घेतला आणि मालिका संपली, पण वार्ताहर घरी सुखरूप गेले. बिजापूरच्या वार्ताहरापाशी बातमी होती, प्रेक्षक होता, विश्वास होता. पाठीशी कोण होते? पगार नव्हता. बातमीमागे मिळणारे मानधन. प्रसारणाआधी कागद तपासून देणारा वकील नव्हता. 'आज रात्री मी अमक्याला भेटायला जातोय' हे ज्याला सांगून जायचे, असे कार्यालय नव्हते.

म्हणून म्हणते, तरुण प्रेक्षक कुठे गेला हे विचारणे सोडा. तो आहे तिथेच आहे. शोध घेणाऱ्याच्या पाठीशी कोण आहे, हे विचारा.

हा प्रश्न छत्तीसगडात नवा नाही, आणि तो पहिल्यांदा एका मराठी माणसाने अंगावर घेतला, हे या मंडळींना वेगळे सांगायला नको. जानेवारी १९०० मध्ये बिलासपूरजवळच्या पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक निघाले. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक रायपूरचे वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी, भाषा मात्र इथल्या लोकांची. केवढी समज! आणि ते मासिक चालले किती? तीन वर्षे. १९०२ च्या अखेरीला तोट्यापायी बंद. वाचक नव्हते का? होते. वर्गणी येत नव्हती. पुढे १९०७ मध्ये सप्र्यांनी नागपुरातून टिळकांच्या केसरीचा हिंदी अवतार 'हिंद केसरी' काढला. १९०८ मध्ये राजद्रोहाखाली पकडले गेले. घरच्यांच्या दबावापुढे माफीपत्र लिहून द्यावे लागले आणि ते शल्य त्यांना जन्मभर पुरले. त्यानंतरच्या एकांतवासातून उठून त्यांनी दासबोध हिंदीत नेला, मग गीतारहस्य. आपण त्या अनुवादांचे कौतुक करतो. पण कल्पना करा, वर्गणीदार वेळेवर पैसे देते आणि अटकेनंतर घरादाराला धीर द्यायला चार माणसे उभी असती, तर या माणसाने आणखी किती वर्षे पत्र चालवले असते?

एक आडवळण घेते, कारण ते घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी शोधपत्रकारितेची भलामण करते आहे, पण ती म्हणजे काही गंगाजल नव्हे. १९८१ च्या एप्रिलमध्ये इंडियन एक्सप्रेसच्या अश्विनी सरीन यांनी, बायकांची खरेदी-विक्री चालते हे सिद्ध करायला, मध्य प्रदेशात एक बाई प्रत्यक्ष २३०० रुपयांना विकत घेतली. देश हादरला. आणि विजय तेंडुलकरांनी त्यावरून 'कमला' लिहिले. नाटकातला जयसिंग जाधव आदिवासी बाईला पत्रकार परिषदेत उभी करतो आणि बढाई मारत घरी येतो. पत्रकार परिषद संपल्यावर त्या बाईचे काय, हा प्रश्न त्याच्या डोक्यातच येत नाही. येतो तो त्याच्या बायकोच्या. आज मोबाइलवर 'स्टिंग' म्हणून जे खपते, त्यातले निम्मे जयसिंग जाधवचे नातू आहेत. हातगाडीवाल्याच्या तोंडावर माईक खुपसायचा आणि ठेकेदारासमोर मिटून घ्यायचे, याला शोध म्हणत नाहीत. पासबुकवाल्या त्या पोराचा चेहरा दाखवून लाईक मिळवणे सोपे आहे. त्याचा चेहरा झाकून, पाकीट घेऊन जाणाऱ्यापर्यंत पोचणे अवघड.

मग करायचे काय? सरकारने करावे, असे म्हणून मोकळे होता येते. मार्च २०२३ मध्ये छत्तीसगड विधानसभेने माध्यमकर्मींच्या सुरक्षेचे विधेयक मंजूर केले. त्यानंतर पावणेदोन वर्षांनी बिजापुरात काय झाले, ते मघाशी सांगितले. रायपूरजवळच्या तुलसी गावात घरोघरी यूट्यूबर आहेत म्हणून सरकारने तिथे स्टुडिओ बांधून दिला. चांगलेच केले. पण स्टुडिओ करमणुकीला पुरतो. ठेकेदाराच्या फायली मागायला निघालेल्या मुलीला स्टुडिओ काय कामाचा?

मला वाटते, तुमच्यासारख्या मंडळांनी हे काम अंगावर घ्यावे. व्याख्यानमाला चालवता, गणपती बसवता, नाटके आणता, म्हणजे वर्गणी गोळा करण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही. तीनशे घरांनी महिन्याला शंभर रुपये काढले तर तीस हजार होतात. त्यात दुर्ग-भिलाईतला एक तरुण वार्ताहर वर्षभर एकाच विषयावर काम करू शकतो : कारखान्यातल्या कंत्राटी कामगारांची सुरक्षा घ्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोक ओव्हनजवळच्या गॅसवाहिनीच्या स्फोटात दहाहून जास्त माणसे गेली, त्याआधी जून २०१४ मध्ये गॅसगळतीत सहा गेली. या सभागृहात त्यांना ओळखणारे असतील. त्यानंतर काय सुधारले, काय नाही, हे शांतपणे कागदोपत्री शोधणारे कोणी आहे का?

निवृत्त वकील तुमच्यात आहेत, त्यांनी प्रसारणाआधी मजकूर वाचून द्यावा. निवृत्त अभियंते तर ढिगाने आहेत. रस्त्याचा थर किती जाडीचा असायला हवा, हे वार्ताहराला त्यांच्याहून चांगले कोण सांगणार? सगळ्या चित्रीकरणाची एक प्रत मंडळाच्या कपाटात राहू द्या, म्हणजे वार्ताहराला गप्प करून बातमी गप्प होत नाही, हे समोरच्याला कळेल. तो रात्री कोणाला भेटायला निघाला तर कोणाला तरी सांगून निघावा, आणि परत आल्याचा फोन यावा. तो आला नाही तर सकाळची वाट न पाहता दहा माणसांनी ठाण्यात जाऊन उभे राहावे. एक अट मात्र आधीच घालून घ्या : बातमी कोणत्या सभासदाच्या अडचणीची निघाली तरी मंडळाने फोन करायचा नाही. ही अट तुम्हाला वर्गणीपेक्षा जड जाईल, हे मला ठाऊक आहे.

संयोजकांनी प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखायला सांगितले होते, तो राखला आहे. पहिले प्रश्न मागच्या रांगेतून येऊ द्या.